चार मंडळ्यांची आमटी

अंकलनी मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या नवऱ्यानेसुद्धा दिलेला नाही, आणि माझा नवरा या बाबतीत काही कमी नाही. आज अंकल नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की हात आधी कपाळावरच जातो. रडू नंतर येतं.

त्यांना सगळे अंकलच म्हणायचे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरीवली, या चार ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची तरुण पोरं दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गोराईच्या एका वाडीत तीन दिवस एकत्र राहतात. त्या शिबिराचे हे अंकल. मंडळी म्हणजे आमच्याकडे एका चर्चची सगळी माणसं, आणि चार मंडळ्या म्हणजे चार तऱ्हा. आमची मुलुंडची मंडळी जुन्या वळणाची. पुस्तकातली प्रार्थना पुस्तकातल्यासारखीच म्हणणार आणि उपासनेत कुणी खोकलं तरी वळून बघणार. अंधेरीला गिटार, ड्रम, टाळ्या. बोरीवलीवाले पाण्यात पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा मानत नाहीत, म्हणजे त्यांच्या हिशोबाने आम्ही सगळे अजून कोरडेच. आणि घाटकोपरवाले मधोमध बसून बाकीच्या तिघांना नावं ठेवणार. एवढ्यांना एका आवारात तीन दिवस ठेवायचं आणि कुणी कुणाचं डोकं फोडू द्यायचं नाही, हे शिबिराचं खरं काम. मी त्या शिबिराची सेक्रेटरी. मानाचं पद आहे म्हणतात, मला अजून तो मान कुठे दिसलेला नाही.

अंकल स्वतः कुठल्या मंडळीचे, हे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या रविवारी ते मुलुंडला यायचे, दुसऱ्या रविवारी घाटकोपर, तिसऱ्या अंधेरी, चौथ्या बोरीवली. महिन्यात पाचवा रविवार आला तर घरी बसून मटण करायचे आणि म्हणायचे, "आज देवालाही जरा सुट्टी." लग्न केलं नव्हतं, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. विचारायला मी होते.

बरं, जातील तिथे गप्प बसतील तर शपथ! आमच्याकडे, जिथे आमेनसुद्धा लोक तोंडातल्या तोंडात म्हणतात, तिथे हे पाळकसाहेबांच्या संदेशाच्या मध्येच खणखणीत "हालेलुया!" ठोकणार. आणि अंधेरीला सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत, तर हे पहिल्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून ढिम्म. अंधेरीच्या पाळकांना वाटायचं यांना चक्कर आलीय. मग दोन्हीकडचे पाळक मला फोन करणार. मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला की स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या, घे, तुझे अंकल.

"अंकल, मुद्दाम करता ना हे?" मी एकदा सरळच विचारलं.

"काय मुद्दाम?"

"जिथलं तिथे करायला काय होतं तुम्हाला?"

"जिथलं तिथे करायला तिथली माणसं आहेत की," ते म्हणाले. "त्यासाठी मी कशाला पाहिजे?"

कुठलाही प्रश्न विचारा, हा माणूस उत्तर असं द्यायचा की आपला प्रश्न काय होता तेच आपण विसरावं.

भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं. कसं सांभाळलं ते त्या कारखान्यालाच ठाऊक, कारण यांच्या लक्षात काही म्हणजे काही राहायचं नाही. आणि लिहून ठेवायचं म्हटलं की यांना राग. "माणसाने शब्द दिला की झालं," म्हणायचे. शब्द दिला की झालं, पण कुणाला दिला ते तरी लक्षात ठेवा! एका वर्षी त्यांनी माइकवाल्याला शिबिराची तारीख बरोबर सांगितली आणि महिना सांगायचा विसरले. तो बिचारा एक महिना आधी स्पीकर, वायरी, सगळं होडीत घालून खाडीपलीकडे गेला आणि रिकाम्या वाडीत नारळाखाली बसून राहिला. त्याने शिव्या घातल्या त्या मला, कारण अंकलनी त्याला नंबर माझा दिला होता.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती आमटी.

शिबिराचा अंकलचा एक नियम होता, आणि तो मात्र ते कधी विसरले नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येक मंडळीने आपापल्या घरची आमटी करून आणायची. वाडीवर फक्त भात शिजणार. सगळे पोचले की चारही मंडळ्यांच्या आमट्या एकाच मोठ्या टोपात ओतायच्या, आणि तेच सगळ्यांनी जेवायचं. त्याआधी ना प्रार्थनेचं भाषण, ना ओळख, ना स्वागत. "आधी जेवा, मग भांडा," हे त्यांचं ब्रीद.

आता तुम्हीच विचार करा. आमच्या मुलुंडची निम्मी घरं नगरकडची, आमची आमटी भाजलेल्या धान्या-मसाल्याचं येसर घातलेली, काळी, झणझणीत. अंधेरीवाले कोकणातले, त्यांची ओल्या खोबऱ्याची, कोकम घातलेली. बोरीवलीवाले गुजराती शेजाऱ्यांत राहून बिघडलेत, ते आमटीत गूळ घालतात, थोडाथोडका नाही. घाटकोपरचा तर भरवसाच नाही. एका वर्षी त्यांनी आमटीत मटणाचे तुकडे घालून आणले आणि उपास धरलेल्या दोन मुली रडायला लागल्या. हे सगळं एकत्र! आणि वर कहर असा, की चारही आमट्यांत मीठ असताना अंकल शेवटी स्वतः टोपाशी यायचे आणि मूठभर मीठ वरून टाकायचे.

"अंकल, कशाला? आहे ना मीठ!"

"असू दे."

"अहो पण का?"

"सवय," म्हणायचे आणि हात झटकायचे.

बोरीवलीच्या रूथबाई शिबिराच्या भाताच्या प्रमुख. पहिल्या शिबिरापासून भात त्यांच्याच हाताखाली. कानाने कमी ऐकू येतं, गुडघे गेलेत, पण चुलीजवळची खुर्ची सोडत नाहीत. त्या नुसत्या हसायच्या. मला त्या हसण्याचाही राग यायचा. एवढ्या वर्षांत एक बाई उभी राहून म्हणाली नाही की बाबा रे, पुरे कर हा तमाशा.

आणि मग पहिलं ताट. ते मला. मी नववीत असताना पहिल्यांदा शिबिराला गेले तेव्हापासून, मी शिक्षिका झाले, लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी पहिलं ताट मलाच. सगळी पोरं रांगेत उभी, पोटात कावळे ओरडतायत, आणि अंकल माझ्यासमोर ताट धरून, "खा. कशी झालीय?"

"वाट लागलीय, अंकल."

"झालं!" तोंडभर हसून ते ओरडायचे. "बसा रे सगळे जेवायला!"

एका वर्षी अंधेरीला नवे पाळक आले होते, भले सज्जन, शेजारीच उभे होते. त्यांच्या मंडळीचीही आमटी त्यात होती. मी विचार केला, कशाला उगाच. घास खाल्ला आणि म्हटलं, "बरी झालीय."

अंकलचा चेहराच पडला. "नाही," ते म्हणाले. "नीट सांग."

"अहो, बरी आहे म्हटलं ना."

"नीट सांग, पोरी."

रांग थांबलेली. भात निवत चाललेला. नवे पाळक माझ्याकडे बघतायत, मी अंकलकडे, अंकल माझ्याकडे, आणि हा हट्टी माणूस ताट घेऊन तसाच उभा. शेवटी माझं डोकं फिरलं. "शी! घाण झालीय! गिळवत नाही! झालं समाधान?" मी ओरडले. नव्या पाळकांनी खाली मान घातली. आणि अंकल? अंकलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढे खूश. "बसा रे सगळे!" त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा ताप होता तर सोडायचं होतं शिबिर. सोडणारच होते, दर वर्षी. पण सोडलं नाही, त्याला एक कारण आहे.

मी नववीत असताना माझे पप्पा गेले. पप्पांचं माझ्याकडे फार काही नाही. एक घड्याळ आहे, ते चालत नाही. एक फोटो आहे, त्यात ते उंच दिसतात आणि चष्म्याच्या जाड भिंगांमुळे डोळे दिसत नाहीत. त्यांचा स्वभाव कसा होता म्हणून विचारलं की नातेवाईक "देवमाणूस" म्हणतात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. आई तर पप्पांचं नाव काढलं की अजूनही स्वयंपाकघरात निघून जाते. पप्पांना माती दिली त्या दिवशी अंकल आमच्या घरी आले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि हळूच म्हणाले, "पोरी, एक सांगतो. पहिल्या शिबिराला चारही मंडळ्यांची पोरं भांडून बसली होती. जेवायला कुणी तयार नाही. तेव्हा तुझा बाप उठला, त्याने पहिलं ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, छान झालीय. मग सगळे जेवले. तुझ्या बापामुळे शिबिर सुरू झालं. पण कुणाला बोलू नकोस हं, बाकीच्या मंडळ्यांना वाईट वाटेल."

मी कुणाला बोलले नाही. पण त्या दिवाळीत शिबिराला गेले, आणि मग जातच राहिले. पप्पांचं काहीतरी तिथे आहे असं वाटायचं.

यंदा शिबिराचं पन्नासावं वर्ष. म्हणजे समारंभ आला, बॅनर आला, आणि बॅनर आला म्हणजे भांडण आलं. चार मंडळ्यांपैकी कुणाचं नाव वर? आमच्या मुलुंडच्या पंचांनी, म्हणजे मंडळीच्या कारभारी मंडळींनी सांगितलं, आपलं. घाटकोपरचे म्हणाले, आमचं. अंधेरी आणि बोरीवलीही मागे हटेनात. आजवर कधी असं झालं नव्हतं, हे मी कबूल केलं पाहिजे. एरवी एकमेकांना नावं ठेवणारी ही माणसं शिबिरात मात्र एकमेकांना फार सांभाळून घ्यायची. गाद्या कमी पडल्या की चारही मंडळ्यांची पोरं म्हणायची, आधी त्यांना द्या, आमचं काय, आम्ही जमिनीवर झोपू. मला वाटायचं हे पवित्र आत्म्याचं काम.

शेवटी बैठकीत ठरलं की सेक्रेटरीने शिबिराचा इतिहास लिहावा, आणि ज्या मंडळीने शिबिर सुरू केलं तिचं नाव वर. सेक्रेटरी म्हणजे मी. मनातून मला आनंदच झाला. पप्पांचं नाव एकदाचं छापून येणार होतं.

मी चारही मंडळ्यांच्या जुन्या पंचांना भेटले. मुलुंडचे म्हणाले, "आपणच सुरू केलं. अंकलनीच सांगितलंय. पण बोलायचं नाही, बाकीच्यांना वाईट वाटेल." इथपर्यंत ठीक. घाटकोपरला गेले. तिथले पंच इकडेतिकडे बघून म्हणाले, "अगं, सुरुवात आमची. अंकल स्वतः बोललेत. पण मोठेपणा मिरवायचा नसतो ना, म्हणून आम्ही गप्प." अंधेरीला चहासोबत तेच ऐकलं. बोरीवलीला तर त्यांनी प्रार्थना करून मग तेच सांगितलं. चौघांनाही अंकलनी सांगितलेलं, चौघांनाही गप्प बसायला सांगितलेलं!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिथून निघाले ती तडक भांडुपला, अंकलच्या घरी. अंकल स्वयंपाकघरात बोंबील तळत होते.

"या, या. खाणार?"

"अंकल, शिबिर कुणी सुरू केलं?"

"तुला कुणी विचारलं?"

"मी तुम्हाला विचारतेय! चारही मंडळ्यांना तुम्ही सांगितलंत की त्यांनीच सुरू केलं. आता बॅनरवरून मारामारीची वेळ आलीय. खरं काय ते एकदा सांगा, नाहीतर हे सगळं फुटेल आणि मी तुमच्या दारात आणून टाकेन."

त्यांनी गॅस बंद केला. मग बोलले, आणि मी ओळखते त्या अंकलनी पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं.

झालं होतं असं. वाडीचा मालक अंकलचा मित्र. वाडी कुणाला द्यायची हे तो अंकलवर सोडायचा. त्या वर्षी मुलुंडच्या पोरांनी आपल्या शिबिरासाठी वाडी मागितली, अंकलनी शब्द दिला. मग घाटकोपरच्या पोरांनी त्यांच्या शिबिरासाठी मागितली, त्यांनाही शब्द दिला. मग अंधेरी. मग बोरीवली. चौघांनाही तेच दिवस. लक्षातच नाही! चारही तरुण संघ आपापल्या आमटीचे डबे घेऊन एकाच दुपारी वाडीत हजर. भांडण एवढं पेटलं की सगळे मिळून अंकलना मारायला उठले. परत जावं तर ओहोटी लागलेली, होडी किनाऱ्याला येईना. प्रत्येक जण म्हणे, आम्ही आमचं वेगळं जेवू आणि भरती आली की निघून जाऊ.

"मग मी घाबरलो," अंकल म्हणाले. "म्हटलं, वेगळे जेवले की वेगळे गेले. मी सगळ्यांच्या आमट्या उचलून एका टोपात ओतल्या. आता घ्या म्हटलं वेगळं काढून. हात एवढा थरथरत होता की वरून मीठही टाकलं. कशाला टाकलं, देव जाणे."

मी खुर्चीत बसले. "म्हणजे कुणीच सुरू केलं नाही?"

"घोळ झाला," ते म्हणाले. "मी घातला."

"आणि मग चौघांना खोटं का सांगितलंत?"

"अगं, यजमान पाहुण्याशी भांडतो का?" ते म्हणाले. "ज्याला वाटतं घर आपलं आहे, तो पाहुण्याला गादी देतो आणि स्वतः खाली झोपतो. मी चौघांनाही सांगितलं, घर तुमचं."

मला त्या गाद्या आठवल्या. पवित्र आत्मा कसला, हे अंकल! रागावू की काय करू, कळेना. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. चार मंडळ्यांना चार गोष्टी सांगणाऱ्या माणसाने बाप मेलेल्या पोरीला पाचवी सांगितली नसेल कशावरून?

"अंकल, पप्पांचं?" मी विचारलं. "पहिलं ताट. छान झालीय. तेही असंच का?"

त्यांनी पुन्हा गॅस लावला.

"अंकल, मी तुम्हाला विचारतेय. माझे पप्पा होते का तिथे?"

"रूथबाईंना विचार," ते म्हणाले.

झालं! पुन्हा सुरू! सरळ हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, एवढं एक सुद्धा नाही जमलं या माणसाला. रूथबाईंना मी काय विचारणार, त्यांना विचारलं तर ऐकू जाणार निम्मं आणि गुडघ्यांचं ऐकावं लागणार दुप्पट. मला वाटलं, टाळतायत. म्हणजे खोटंच होतं. मी उठले. "इतिहास लिहा म्हणतात! काय लिहू, कपाळ?" असं काहीतरी ओरडले आणि दार आपटून निघाले. बोंबील तसेच राहिले.

घरी येऊन तो फोटो मी कपाटात उलटा ठेवला. वेडेपणा होता, पण ठेवला.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी अंकल झोपेतच गेले. जसे जगले तसेच, कुणाला काही न सांगता.

स्मरणसभा भांडुपला त्यांच्याच सोसायटीच्या पटांगणात घेतली, कारण कुठल्या मंडळीच्या चर्चमध्ये घ्यायची यावर एकमत होईना. चौघेही म्हणत होते, अंकल आमचेच. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे मुलांच्या सायकली, पुढे अंकलचा फोटो, त्यातही ते दुसरीकडेच बघत होते. चार पाळक चार शब्द बोलणार होते. आधी आमचे मुलुंडचे उठले. बोलता बोलता ते म्हणाले, "आजवर अंकलच्या शब्दाखातर आम्ही बोललो नाही, पण आज सांगतो. हे शिबिर आपल्या मुलुंडच्या मंडळीने सुरू केलं."

मी डोळे मिटले. वाट लागली, म्हटलं.

घाटकोपरचे पाळक उठले ते आवाज चढवूनच. "अंकलनी स्वतः आमच्या वडीलधाऱ्यांना सांगितलंय..." अंधेरीचे सज्जन पाळक, त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, बिचाऱ्यांना ते बदलता येईना, त्यांनीही तेच वाचलं. बोरीवलीचे उठले तोवर पटांगणात गलका झाला होता. कुणी म्हणालं, इतकी वर्षं आम्हाला खोटं सांगत होते का? कुणी म्हणालं, खोटं कोण बोलतंय ते आधी ठरवा. आणि मागून एक आवाज आला, "मग यंदापासून ज्याने त्याने आपापलं शिबिर करावं!" त्यावर कुणी नाही म्हणालं नाही. दोनतीन खुर्च्या सरकल्याही.

मी उठले. मी काही ठरवून उठले नव्हते, मला राग आला होता, एवढंच. माणसाला माती देऊन चार दिवस झाले नाहीत आणि यांचं बॅनर सुरू! माइक हातात घेतला आणि जे बोंबील तळताना ऐकलं ते सगळं सांगून टाकलं. चौघांना दिलेला शब्द, ओहोटी, मारायला उठलेली पोरं, एका टोपातल्या चार आमट्या, थरथरत्या हाताने पडलेलं मीठ. "कुणी सुरू केलं नाही," मी म्हटलं. "घोळ झाला होता. तुम्ही सगळे त्या घोळाची पन्नास वर्षं आहात. आता फुटायचं तर फुटा."

आणखी दोन खुर्च्या सरकल्या. मला वाटलं, संपलं. मीच संपवलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत रूथबाई शेजारणीच्या खांद्याचा आधार घेत उभ्या राहिल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं नव्हतं, शेजारीण कानात सांगत होती.

"खरंय ते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी होते ना तिथे. टोप पुढे ठेवला, पण कोण हात लावणार? सगळे फुगून बसलेले. मग मुलुंडचा एक पोरगा उठला. उंच. हा एवढा जाड चष्मा."

माझ्या हातातला माइक तसाच राहिला.

"त्याने ताट घेतलं, एक घास खाल्ला," रूथबाई म्हणाल्या, "आणि ओरडला, शी! काय घाण झालीय!"

आता मात्र पटांगणात कुणीतरी फस्सकन हसलं.

"हसताय काय? खरं सांगते! मग घाटकोपरचा एक जण म्हणाला, बघू. त्याने खाल्लं, तोही म्हणाला, घाण. मग अंधेरीवाल्यांना बघायचं होतं. मग आमच्या पोरांना. किती घाण झालीय ते प्रत्येकाला बघायचंच होतं! टोप रिकामा झाला. चारही मंडळ्यांचं आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं ते त्यावर."

सगळं पटांगण हसत होतं. घाटकोपरचे पंच डोळे पुसत होते. आणि मला फक्त अंकल दिसत होते, हातात ताट धरून उभे. नाही. नीट सांग, पोरी. दर वर्षी पहिलं ताट. दर वर्षी तेच वाक्य काढून घेतल्याशिवाय हा माणूस कुणाला बसू द्यायचा नाही. बाप गेलेल्या पोरीला "घाण झालीय" कसं सांगायचं म्हणून त्यांनी "छान" सांगितलं असणार, आणि मग खरं सांगायचं तसंच राहून गेलं. बोलायला काय झालं होतं, अंकल? एकदा, फक्त एकदा!

"कोण होता गं तो?" रूथबाई मला विचारत होत्या. "लग्न झालं आणि यायचा बंद झाला. नावच आठवत नाही. पण तोंडाचा फार फटकळ, बाई."

"माझे पप्पा," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, सगळ्यांसमोर, रडत. "माझे पप्पा!"

रूथबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तरीच," त्या म्हणाल्या.

शिबिर झालं. बॅनर झाला नाही. पहिल्या दिवशी चारही मंडळ्यांच्या आमट्या टोपात ओतल्या, पोरं रांगेत उभी राहिली, आणि मग सगळे थांबले, कारण ताट कुणी द्यायचं तेच कुणाला माहीत नव्हतं. शेवटी रूथबाईंनी खुर्चीतून हात लांब करून ताट माझ्यापुढे धरलं. मी घास घेतला.

चांगली झाली होती. खरंच सांगते, येसर, कोकम, गूळ, सगळं कसं कोण जाणे जुळून आलं होतं. इतकी वर्षं आमची वाट लावत होती ती फक्त त्यांची ती एक मूठ.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ताट खाली ठेवलं, मिठाचा डबा मागवला आणि मूठभर मीठ टोपात टाकलं. रूथबाईंनी ढवळलं. मी पुन्हा घास घेतला.

"शी!" मी ओरडले. "काय घाण झालीय! बसा रे सगळे!"